मोहवस्तू: बंगडा, एक नग

श्रावण लागला त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीच्या समितीने आमच्या कुत्र्याला नोटीस बजावली. नोटीस माझ्या नावे होती, गुन्हा गुंड्याचा होता. जनी मासेवाली फाटकात पाटी उतरवत असताना त्याने एक बंगडा पळवला आणि जिन्याखाली नेऊन खाल्ला. जनीची तक्रार नव्हती, समितीची होती. "सामायिक जागेत मोह न आवरणाऱ्या रहिवाशास इमारतीत राहता येणार नाही," असा ठराव झाला. श्रावण संपेपर्यंत गुंड्याने संयम चाचणी पास करायची, नाहीतर त्याची रवानगी संगमेश्वरला माझ्या मेव्हण्याच्या गोठ्यात.

सहा वर्षं तो माझ्या पायाशी बसतो आहे. तो गेला तर मला घास जाणार नाही, असं मी सगळ्या मजल्यांवर सांगून आलो.

चाचणीचे नियम सचिव दर्शन यांनी मोबाइलवर व्हिडिओ बघून तयार केले. तळलेला बंगडा, एक नग, कुत्र्यापासून दोन फुटांवर. हुकूम "थांब". कालावधी तीन मिनिटं. कुत्र्याने बंगड्याकडे न बघता मालकाकडे बघणं अपेक्षित.

मी तीस वर्षं सरकारी कचेरीत टेबल सांभाळलं आहे. समोरच्याला थांबवून ठेवण्याचा माझा अनुभव दांडगा. आधी भाकरीचा तुकडा, मग सुका बोंबील, मग बंगडा, असं करत गुंड्या आठ दिवसांत तयार झाला. "थांब" म्हटलं की माझ्या तोंडाकडे बघत बसायचा आणि बक्षीस म्हणून उकडलेलं अंडं खायचा. तिखटमीठ कुत्र्याला सोसत नाही. त्यामुळे बंगडा त्याला द्यायचा नव्हताच, नुसता दाखवायचा होता.

"अहो, मग त्या बंगड्याचं पुढे काय होतं?" सत्यवतीने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, विचारलं. आमच्या घरी श्रावण पाळतात. बिचारी गच्चीत वेगळ्या शेगडीवर नाकाला पदर लावून तळत होती.

"प्रशिक्षणात खर्ची पडतो," मी म्हणालो.

तिने माझ्या मिशीकडे पाहिलं. मिशीला रवा लागला होता.

पहिली चाचणी रविवारी पार्किंगमध्ये झाली. समितीचे पाचही जण कडक श्रावण पाळणारे. गुंड्या बसला, बंगडा मांडला, आणि अध्यक्ष गंगारामकाकांना शंका आली.

"बंगडा बेचव असला तर? मग कुत्रा थांबला त्यात काय मोठासा! ह्यो मोहात पाडतो की नाय, ता कोण बघणार?"

"नियमात तशी तरतूद नाही, काका."

"मग करा की!"

तरतूद झाली. श्रावणात खाणं शक्य नव्हतं. तपासणी शक्य होती. पाच जणांनी एकेक तुकडा तपासला. अर्जदार म्हणून मलाही शेपटीकडचा भाग तपासावा लागला. ताटलीत काटा उरला. गुंड्या जागचा हलला नव्हता. दर्शनने शेरा मारला: "मोहवस्तू अपुरी. फेरचाचणी."

फेरचाचण्या दर बुधवारी आणि रविवारी ठरल्या, कारण एरवी ते आमचे मासळीचेच वार. बंगडे एकाचे दोन, दोनाचे चार झाले. दर वेळी तपासणी लांबली आणि चाचणीची वेळ संपली.

"अवो भाऊ, सरावनात आमचा धंदा बसतो," जनी म्हणाली, "पन तुमच्या बिल्डिंगीत पाटी खाली होते. कुत्र्याला असाच नापास करीत ऱ्हावा!"

मी हसलो. जिना चढताना हसू मावळलं. कुत्रा दर वेळी पास होत होता आणि त्याच्या नापासाच्या शेऱ्यावर तेलकट बोटांनी सही मी करत होतो. एकदाही हरकत घेतली नव्हती. खरंच लाज वाटली. तरी बुधवारी मीच जनीला हाक मारली.

शेवटच्या रविवारी सत्यवती स्वतः ताट घेऊन खाली आली. सुरमईच्या तुकड्या, रव्यात घोळवून तळलेल्या, कडेने कुरकुरीत, वर लिंबू पिळलेलं. ताट तिने आम्हा सहा जणांच्या खुर्च्यांसमोर ठेवलं आणि गुंड्याला आमच्या रांगेत बसवलं.

"थांबा," ती म्हणाली. सगळ्यांनाच. "तीन मिनिटं. जो थांबेल तो इमारतीत राहील. ठराव तुमचाच आहे. त्यात कुत्रा म्हटलेलं नाही, रहिवासी म्हटलंय."

दर्शनने सवयीने घड्याळ लावलं. चाळीस सेकंद कुणी हललं नाही. मग एक हात ताटाकडे गेला. गुंड्याने त्या हाताकडे पाहिलं. ओळखीचा होता; त्याला रोज अंडं द्यायचा. त्यामागून बाकीचे पाच हात गेले.

तीन मिनिटं झाली तेव्हा गुंड्या एकटा बसून होता. इतिवृत्तात नोंद आहे: "गुंड्या, कायम रहिवासी. उर्वरित सहा, पुढील आदेशापर्यंत तात्पुरते." गुंड्या आता रोज सकाळी मला फिरवून आणतो. जनीच्या पाटीपाशी आलं की तो थांबतो आणि माझ्याकडे बघतो.

तुम्ही हसताय, हसा. पण मघाशी त्या कुरकुरीत कडेपाशी, त्या लिंबापाशी तुमच्याही तोंडाला पाणी सुटलं असेल, तर आज वार कोणता, तेवढं आधी बघून घ्या.