सामाईक भिंत

"बाळ, मला फळी नको," आत्या पुन्हा म्हणाली. "माझ्या औषधांच्या बाटल्या खिडकीत सुखात आहेत."

पण डॉक्टर स्वयंपाकघरात स्टुलावर चढले होते, आणि स्टुलावर चढलेला माणूस कोणाचं ऐकत नाही. त्यांनी भिंतीवर पेन्सिलीनं फुली मारली, एक डोळा मिटून ती न्याहाळली आणि दवाखान्यात पेशंटला म्हणतात त्याच मायेनं भिंतीला म्हणाले, "काही होत नाही. जरासं हुळहुळेल."

डॉक्टर दातांचे होते. हात हलका म्हणून त्यांचं नाव होतं. अक्कलदाढ काढायला माणसं लांबलांबून त्यांच्याकडे येत. या हाताच्या भरवशावरच त्यांनी हे जुनं घर घेतलं होतं. बायकोला नव्या इमारतीतला वरच्या मजल्यावरचा फ्लॅट हवा होता, जिथे नळ फिरवला की पाणी येतं आणि दार लोटलं की बंद होतं. "जुनं बांधकाम दणकट असतं," डॉक्टर म्हणाले होते. "वरवरची डागडुजी काय ती मी सुट्टीच्या दिवशी करून टाकीन. अगं, मी माणसांच्या जबड्यात हात घालतो. भिंत निदान चावत तरी नाही!"

बायको शाळेत भूगोल शिकवायची. भूकंपानंतर काय काय होतं हे तिला पाठ होतं, पण ते राहत्या घरात बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. सुरुवात बाथरूमच्या दारापासून झाली. ते खाली जमिनीला घासायचं. डॉक्टरांनी दार उतरवून खालच्या बाजूला दणदणीत रंधा मारला आणि त्या आनंदात ते उलटं बसवलं. आता दार पूर्वीसारखंच खाली घासत होतं, वर वीतभर फट पडली होती आणि कडी गुडघ्यापाशी आली होती. मग त्यांनी हॉलचं बटण बदललं. त्या बटणानं तेव्हापासून बाथरूमचा दिवा लागू लागला. हॉलचा दिवा कशानं लागतो ते कोणालाच सापडलं नव्हतं. तो मनात येईल तेव्हा आपला आपण लागायचा.

त्यानंतर आली ही फळी.

लोण्यात सुरी शिरावी तसं ड्रिल भिंतीत शिरलं. डॉक्टरांनी भोकात स्क्रू धरायची प्लास्टिकची गिट्टी बसवली. गिट्टी आत गेली ती गेलीच. त्यांनी त्याहून मोठी घातली. भिंतीनं तीही गिळली.

"भूक लागलेली दिसते तिला," बायको वह्या तपासता तपासता म्हणाली.

"खोल गेलं पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "मुळापर्यंत." त्यांनी लांब पातं लावलं आणि अंगातला सगळा जोर देऊन रेटलं. भिंतीच्या आत काहीतरी करकरलं. मग पलीकडे, बऱ्याच लांबून आल्यासारखा, काच फुटल्याचा आवाज झाला.

डॉक्टरांनी घाबरून ड्रिल मागे ओढलं. ड्रिलबरोबर एक वीट आली. ती बघून तिच्या शेजारणीही आल्या. त्या ओट्यावर कोसळल्या, धुरळा उडाला, आत्यानं पदर नाकाला लावला. धुरळा खाली बसला तेव्हा भिंतीत कलिंगड जाईल एवढं भगदाड पडलेलं होतं आणि त्यात चष्मा लावलेला एक चेहरा होता.

शेजारी निवृत्त न्यायाधीश राहत. एकटेच होते. समोरून जाताना मान हलवायचे, त्यापलीकडे ओळख नव्हती. दोन्ही घरं पूर्वी एकच होती आणि मधलं दार कोणीतरी नुसत्या मातीत विटा रचून बुजवलं होतं, ही माहिती दोन्ही घरांना त्या क्षणी एकदमच मिळाली.

"हे कोणी केलं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"ड्रिलनं झालं, साहेब," डॉक्टर स्टुलावरूनच म्हणाले.

"ड्रिल कोणाच्या हातात होतं?"

डॉक्टरांनी ड्रिलकडे पाहिलं. ते अजून फिरत होतं.

"यांच्याच," आत्या पुढे होऊन म्हणाली. "मी नको नको म्हणत होते. मी स्वतः बघितलंय."

न्यायाधीशांनी एक तसबीर भोकासमोर धरली. त्यांच्या निरोपसमारंभाचा फोटो होता तो. मधल्या खुर्चीत हार घालून ते स्वतः बसलेले होते आणि हाराच्या जरा वर, नाक असायला हवं तिथे, एक गोल, स्वच्छ, अगदी नेमकं भोक होतं.

"बघा बघा, किती बारीक काम आहे," असं डॉक्टर बोलून बसले.

भगदाड संध्याकाळच्या आत बुजवून देतो, असा शब्द डॉक्टरांनी दिला. बायको म्हणाली, "गवंडी बोलाव." आत्या म्हणाली, "गवंडी बोलाव." भोकातून न्यायाधीश म्हणाले, "माझंही तेच मत आहे." पण आता प्रश्न अब्रूचा होता. डॉक्टरांनी सिमेंट आणलं, कालवलं, विटा रचल्या, थापी मारली आणि दोन पावलं मागे जाऊन आपलं काम पाहिलं. ते खरोखर सुंदर दिसत होतं. चहा होईपर्यंत सुंदर दिसत होतं. मग ते सगळं एकसंध, सावकाश, पलीकडे कलंडलं आणि न्यायाधीशांच्या आरामखुर्चीत जाऊन बसलं.

"आहात का, साहेब?" डॉक्टरांनी कापऱ्या आवाजात विचारलं.

"मी आहे," पलीकडून उत्तर आलं. "खुर्ची नाही."

तेव्हा तरी थांबायचं. पण निदान रात्रीपुरतं भोक झाकावं म्हणून डॉक्टरांनी तीच फळी घेतली, आत्याच्या बाटल्यांसाठी आणलेली, आणि भगदाडावर आडवी ठोकली. तिसरा खिळा जरा मऊ गेला. डॉक्टरांना तो बारीक आवाज ऐकू आला, स्स्स असा, आणि पुढच्या क्षणी पाण्याची पिचकारी त्यांच्या कपाळावर बसली. पाण्याचा जुना पाईप त्याच भिंतीतून जात होता.

"मेन कॉक बंद कर!" बायको ओरडली.

डॉक्टर अंगणात धावले. मेन कॉक वर्षानुवर्षं कोणी फिरवलेला नव्हता. त्यांनी दोन्ही हातांनी पकडून पिळला. तो फिरला, आणि फिरता फिरता हातात आला. कॉक हातात घेऊन, कपाळावरून पाणी निथळत, ते अंगणात उभे राहिले. स्वयंपाकघरात आत्या पातेली लावत होती. दुसऱ्या बाजूला न्यायाधीशही पातेली लावत असावेत, कारण भांड्यांचे आवाज दोन्हीकडून सारखेच येत होते.

प्लंबर आला तो भोक बघून आधी मनसोक्त हसला. मग पाईप बघून गंभीर झाला. "असला पाईप आता मिळत नाही. शोधावा लागेल. तोवर मी हे बांधून ठेवतो," तो म्हणाला. "आणि भिंत आत्ता बुजवू नका. पाईप बदलताना परत फोडावी लागेल. भोक राहू दे उघडं."

"किती दिवस?" बायकोनं विचारलं.

प्लंबरनं छताकडे पाहिलं आणि तो निघून गेला.

तर भोक राहिलं. त्यावर आत्यानं एक पडदा लावला, पण पडद्यानं दिसायचं थांबतं, ऐकू यायचं थांबत नाही. नवराबायकोचं घरात जे काही व्हायचं ते आता न्यायाधीशांच्या आरामखुर्चीच्या जागेपर्यंत शब्दन् शब्द पोचत होतं. आणि साहेबांना आयुष्यभराची सवय. दोन्ही बाजू ऐकल्या की त्यांना गप्प राहवत नसे.

"मी दार दुरुस्त करतो म्हटलं तर तूच नको म्हणालीस," डॉक्टर एका सकाळी म्हणाले.

"मी नको म्हणाले नाही. मी म्हणाले, तू नको."

"म्हणजे तेच!"

"तेच नाही," पडद्यामागून आवाज आला. "दोन्हींत फरक आहे. बाईंचं म्हणणं बरोबर आहे."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. पुढे पुढे ते आपल्याच घरात कुजबुजून बोलू लागले. त्यावर बायको मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, "काय? काय म्हणालास?" आणि डॉक्टर हरायचे. मिठाच्या बरणीवरून हरले, ओल्या टॉवेलवरून हरले, एकदा तर ते दवाखान्यात असतानाच हरले. घरी आल्यावर आत्यानं निकाल सांगितला. रात्री अंथरुणात पडून ते हॉलच्या दिव्याची वाट बघत. तो लागला की त्यांना वाटे, घरात एवढं एकच आपल्यासारखं बिचारं आहे. काय करतोय ते त्यालाही कळत नाही.

शेवटी बाथरूमच्या दारानं घात केला. आत्या आत असताना ते जे घासून अडकलं ते हलेना. आत्या आतून हाका मारतेय, बायको बाहेरून ढकलतेय, आणि डॉक्टर म्हणतायत, "थांबा, मी बिजागऱ्याच काढतो." बिजागऱ्या निघाल्या. दार बायकोच्या अंगावर आलं. तिला लागलं नाही, पण ती दाराखाली आडवी पडून काही वेळ तशीच राहिली, आणि उठली ती सरळ कपाटाकडे गेली. तिनं बॅग काढली.

"मी ताईकडे चालले," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "घर राहण्यासारखं झालं की कळव. नाही झालं तर कळवू नकोस."

"आत्या, तू तरी सांग हिला!"

"माझी निळी साडी पण घाल गं त्यात," आत्या बायकोला म्हणाली. "मी येते तुझ्याबरोबर."

डॉक्टर मटकन स्टुलावर बसले. ज्या आत्यानं आईच्या मागे त्यांना वाढवलं, ती निळी साडी घेऊन निघाली होती. ते उठले, त्यांनी स्वतःच्या हातानं पडदा सारला आणि भोकात तोंड घालून म्हणाले, "साहेब, तुम्ही ऐकलंत ना सगळं? आता तुम्हीच काय ते सांगा."

पलीकडे पावलं वाजली. मग न्यायाधीश समोर आले. त्यांनी चष्मा पुसला, बाईंना विचारलं, आत्यांना विचारलं, डॉक्टरांना विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

"मला घर नीट करायचं होतं," डॉक्टर म्हणाले. "तिला वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटची आठवण येऊ नये एवढंच मनात होतं."

बायकोचा हात बॅगेच्या चेनवर थांबला.

"हेतू चांगला होता, हात वाईट आहे," न्यायाधीश म्हणाले. "बाई, तुम्ही जाऊ नका. घरात दोष नाही. डॉक्टर, तुमची सगळी हत्यारं आजपासून माझ्याकडे राहतील. आत्ताच्या आत्ता."

बायकोनं क्षणभर विचार केला आणि बॅग परत कपाटात ठेवली.

मग डॉक्टरांनी भोकातून एकेक वस्तू पलीकडे दिली. हातोडा दिला. रंधा दिला. पाने, पक्कड, करवत दिली. ड्रिल देताना त्यांनी त्याच्यावरची धूळ पुसली. न्यायाधीश प्रत्येक वस्तू घेऊन उलटसुलट बघत होते. "हे कसं चालतं?" त्यांनी ड्रिलबद्दल विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी मान फिरवली.

त्यानंतर घराला जरा कळा आली. सुतारानं दार सरळ बसवलं. वायरमननं हॉलचा दिवा माणसात आणला. प्लंबरला पाईप सापडला, त्यानं तो बदलला, आणि गवंड्यानं अर्ध्या दिवसात भगदाड बुजवून वर असा गिलावा केला की जागा ओळखू येईना. बायको हसूनखेळून बोलू लागली. आत्याच्या बाटल्या खिडकीत होत्या. सगळं आनंदात चाललं होतं, एकटे डॉक्टर सोडून. ते सुट्टीच्या दिवशी हात मांडीवर ठेवून बसत. कोणी काही म्हणत नसे, पण नळ जरा टपकला की बायको आणि आत्या आधी नळाकडे न बघता त्यांच्याकडे बघत. या घरात आता आयुष्यभर आपल्याकडे असंच बघितलं जाणार, हे त्यांनी मनाशी धरलं होतं.

अशाच एका सकाळी तिघं स्वयंपाकघरात चहा घेत होते. बायको वह्या तपासत होती. एकाएकी भिंत गुरगुरली. तिच्या डोक्याच्या जरा वर गिलाव्याचा पापुद्रा फुगला, फुटला, आणि त्यातून ड्रिलचं लांब पातं गरगरत बाहेर आलं. वह्यांवर चुन्याचा सडा पडला.

"बाळ!" आत्या किंचाळली. "हात वर कर बघू!"

डॉक्टरांनी दोन्ही हात वर केले. एकात चहाचा कप होता. दुसऱ्यात काही नव्हतं.

पातं थांबलं, घुटमळलं, मागे गेलं. भोकातून आधी एक बारीक स्स्स आलं आणि मागोमाग पाण्याची धार.

"हे तू केलं नाहीस?" बायकोनं विचारलं.

"नाही."

"खरंच?"

"तुझ्यासमोर बसलोय."

बायकोनं भिंतीकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे, मग परत भिंतीकडे, आणि तोंडावर वही धरून हसू लागली.

"डॉक्टर!" पलीकडून न्यायाधीशांचा आवाज आला. आयुष्यात पहिल्यांदाच तो इतका बारीक झाला असावा. "अहो डॉक्टर! मी नुसता तो फोटो परत लावत होतो हो! पाणी बंद कुठून करायचं?"

आत्या पातेली काढायला धावली. पाणी ओट्यावरून जमिनीवर आणि जमिनीवरून हॉलकडे निघालं. पलीकडे काहीतरी धडपडलं आणि फुटलं.

"आलो, साहेब!" डॉक्टर म्हणाले.

पण ते उठले नाहीत. कपात अजून निम्मा चहा होता. तो त्यांनी सावकाश, एकेक घोट घेत, शेवटपर्यंत प्यायला.