गॅलिलिओचा पिंजरा

मला वाटलं होतं, विरोध होईल.

स्कॉटलंडात प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करून बुलडाण्याला परतले, तेव्हा माझी पूर्ण तयारी होती. कुत्र्याला जाळीच्या क्रेटमध्ये झोपायला शिकवायचं म्हटल्यावर लोक चिडणार, मुक्या जिवाला कोंडता काय म्हणणार. मग मी समजावून सांगणार की हा तुरुंग नाही, ही त्याची गुहा आहे, त्याची हक्काची खोली. हळूहळू लोकांना पटणार आणि गावात एक नवं युग सुरू होणार. (भाषण विमानातच पाठ केलं होतं.)

प्रत्यक्षात काय झालं? परदेशातून मागवलेला क्रेट दारात उतरला. आईनं त्याच्याभोवती एक चक्कर मारली, जाळी दाबून पाहिली आणि म्हणाली, "मजबूत हाये वं! कुरडया वाळवाले बरा हाये. वांदराचा हात नाही जाणार आत."

नव्या युगाची सुरुवात अशी गच्चीवर झाली. कुरडया क्रेटच्या आत, आणि ज्याच्यासाठी क्रेट आणला तो कुत्रा बाहेर उन्हात, त्यांच्यावर नजर ठेवून.

कुत्रा म्हणजे देऊळघाटच्या रस्त्यावर सापडलेलं गावठी पिल्लू. नाव मी विचार करून ठेवलं होतं : गॅलिलिओ. सगळी सत्ता विरोधात असताना पृथ्वी फिरते असं ठणकावून सांगणारा शास्त्रज्ञ! मलाही या गावात खरं तेच बोलायचं होतं, कोणाची भीड न ठेवता. आमच्या गल्लीनं आठवड्याच्या आत गॅलिलिओचं गल्ल्या केलं, पण मी डगमगले नाही. कुरडया डब्यात गेल्यावर क्रेट ताब्यात घेतला, त्यात जुनी गोधडी अंथरली आणि प्रशिक्षण सुरू केलं.

नियम साधे होते. खाणं झालं की कुत्र्याला लगेच बाहेर न्यायचं. त्यानं योग्य जागी उरकलं की कौतुक करायचं, गोड आवाजात, आणि बक्षीस द्यायचं ते पापणी लवायच्या आत. उशीर झाला तर त्याला कळत नाही कौतुक कशाचं ते.

सकाळची पाळी बाबांकडे होती. बाबा म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक, सुधाकर सर. पूर्ण पेपर बरोबर आला तरी 'अक्षर सुधार' म्हणणारा माणूस. पण पहिल्याच आठवड्यात मागच्या अंगणातल्या शेवग्याखालून आवाज आला, "शाब्बास, राजा! वा वा वा! होऊ दे अजून थोडी!"

भिंतीवरून शेजारच्या बेबीताई डोकावल्या. "काय हो सर, कोणाले शाब्बासकी देऊन राह्यले?"

"एकाचं गणित सुटलं," बाबा म्हणाले.

आई ओट्यापाशी भांडी आपटत होती. "माह्या पुरणपोळीले या माणसानं जन्मात शाब्बास म्हटलं नाही. अन् कुत्र्याच्या मुताचं कौतुक पाहा!"

तरी प्रशिक्षण फळाला आलं. श्रावण संपेपर्यंत गॅलिलिओ घरात एक थेंब सांडत नव्हता. फटाके वाजोत, ढोल वाजोत, घाबरला की धावत क्रेटमध्ये जाई, स्वतःभोवती गिरक्या घेई आणि निजे. एवढंच, की तो आता चांगला उंच झाला होता आणि त्याची पाठ क्रेटच्या छताला घासायला लागली होती. मोठा क्रेट मागवायला हवा होता. (इथे मी आळस केला. पुढचं सगळं त्या आळसातून निघालं.)

मग आल्या महालक्ष्म्या. आणि त्यांच्या आदल्या दिवशी वडनेर भोलजीहून अन्नपूर्णा आत्या.

आत्या बाबांची थोरली बहीण. महालक्ष्म्यांचे तिन्ही दिवस आमच्या घरावर तिचं राज्य असतं. दरवर्षी नैवेद्याची पहिली पुरणपोळी ती चाखते आणि तेच वाक्य बोलते, "बरी झाली, पण माय करे तशी नाही." दरवर्षी आई हसून मान डोलावते आणि मग बराच वेळ फोडणीच्या धुरात डोळे पुसते.

आत्यानं उंबरठ्यातच गॅलिलिओला पाहिलं. "अवं माय! महालक्ष्म्याच्या घरात कुत्रं?"

"आत्या, तो पूर्ण प्रशिक्षित आहे," मी म्हणाले.

"माह्या वावरातले बी प्रशिक्षित हायेत. चोर आला की पळतात." ती बाबांकडे वळली. "सुधाकर, आयकून ठेव. तीन दिवस हे मांगच्या अंगणात. घरात पाऊल टाकलं, का एक थेंब सांडला, तर जाताना मी याले वडनेरले नेते. राह्यजो म्हणा वावरात, डुकरं हाकलत."

वावरातली ती चार दांडगी कुत्री मला माहीत होती. गॅलिलिओ स्वतःच्या शिंकेला घाबरायचा. मी त्याला लाल पट्ट्यानं शेवग्याला बांधलं.

पहिल्या दिवशी आईनं मला केवडा आणि आघाडा आणायला बाजारात पिटाळलं. परतले तर पुढच्या खोलीत, अंगणाकडच्या दाराच्या पडद्यासमोर महालक्ष्म्या उभ्या होत्या. दोघी भरजरी शालूत, नथी घालून, नेहमीपेक्षा जरा रुंद घेरात. आणि क्रेट जागेवर नव्हता.

"आई, क्रेट कुठंय?"

"असन कुठंतरी. तू आधी आघाडा निवड."

मला वाटलं, गच्चीवर गेला असेल. पुन्हा काहीतरी वाळत असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर माणसांनी भरलं. सोळा भाज्या, आंबील, कढी, पुरणपोळ्यांची चळत. आरती सुरू झाली. आत्या घंटा वाजवत पुढे, बाबा तबक घेऊन मध्ये, मी मागे. नेमकी त्याच वेळी गल्लीतून गणपती मंडळाची ढोल-ताशाची तालीम निघाली. खिडक्या थरथरल्या. आणि ढोल लांब गेले, तरी महालक्ष्म्या थरथरतच राहिल्या.

आधी थोरलीची नथ हलली. मग दोघी एकदम डावीकडे झुकल्या, उजवीकडे झुकल्या, आणि पुन्हा सरळ झाल्या. शालूच्या आतून एक लांब, समाधानी सुस्कारा आला.

आरती जागच्या जागी थांबली. बेबीताईंच्या हातातलं हळदीकुंकू माझ्या पायावर सांडलं, ते मला संध्याकाळी कळलं.

"हालली!" आत्या पुटपुटली. "माय हालली! सुधाकर, पाह्यलं का?"

"हो," बाबा कसेबसे म्हणाले.

त्याबरोबर शालूतून उत्तर आलं. ठक, ठक, ठक.

तो आवाज मी लगेच ओळखला. क्रेटच्या तळाला पत्र्याचा ट्रे असतो. बाबांचा आवाज ऐकला की गॅलिलिओची शेपटी त्यावर अशीच आपटते. मी खाली पाहिलं. थोरलीच्या शालूच्या काठाखालून तुटलेला लाल पट्टा बाहेर आला होता. मी पुढे सरकून त्याच्यावर पाय ठेवला. आईकडे पाहिलं. आई छताकडे पाहत होती. दरवर्षीच्या लाकडी बैठकीला वाळवी लागली होती, हे मला तेव्हा आठवलं; तिच्या जागी आईनं क्रेट ठेवला होता.

"सुधाकर, तुह्या आवाजाले बोलून राह्यली रे माय!" आत्यानं घंटा कपाळाला लावली. "इचार! काही चुकलं का इचार!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, पट्ट्यावरच्या माझ्या पायाकडे पाहिलं. त्यांना कळलं, हे मला कळलं. आयुष्यभर उत्तराआधी रीत मागणारा हा माणूस! मला वाटलं, आता ते पडदा बाजूला करतील. मी मनातल्या मनात भाषण जुळवलं : मित्रहो, हा चमत्कार नाही, हे प्रशिक्षण आहे. इतक्या गर्दीत, इतक्या गोंगाटात कुत्रा स्वतःहून आपल्या जागी जाऊन शांत बसतो, याहून मोठा पुरावा कोणता?

बाबांनी तबक खाली ठेवलं, हात जोडले, आणि शेवग्याखालच्या त्या गोड आवाजात विचारलं, "माय, आमच्या प्रतिमाच्या हातची पुरणपोळी पावली का तुले?"

ठक, ठक, ठक, ठक, ठक!

आत्यानं आईला मिठी मारली. सगळ्यांसमोर. "प्रतिमा, माय करे तशीच झाली वं! देवीनंच सांगतलं, म्या काय बोलू!" आणि आई रडली. या वेळी फोडणी नव्हती.

मी हादरून गेले होते. तिला ओढत स्वयंपाकघरात नेलं. "आई, तुला माहितीये ना आत कोण आहे?"

"हळू बोल." तिनं डोळे पुसले. "गल्ल्याले माही पुरणपोळी आवडते का नाही?"

"आवडते."

"मंग? खोटं कोण बोललं?"



पंगती उठेपर्यंत मी देवीसमोर हात जोडून बसले होते. लोकांना माझी भक्ती दिसत होती. मी एकच मागत होते, एक थेंब नको. कुत्रा आपल्या निजायच्या जागी घाण करत नाही, हे मी परीक्षेत लिहून आले होते. आता देवीच्या शालूखाली ते सिद्ध होत होतं. माझ्या प्रशिक्षणाचा सगळ्यात मोठा विजय होता तो, आणि मला तो कोणाला सांगता येत नव्हता. मंडळी जेवून आडवी झाली तेव्हा बाबांनी मागच्या पडद्यातून त्याला हळूच अंगणात नेलं. बराच वेळ नुसता धारेचा आवाज. मग, अगदी दबक्या आवाजात, "शाब्बास, राजा."

झोपताना मी निश्चय केला. सकाळी सगळ्यांना खरं सांगायचं. नाहीतर मी परत आले तरी कशाला?

सकाळी दारात बायका जमल्या होत्या. बेबीताई सगळ्यांच्या पुढे. "सर, माह्या शेखरच्या लग्नाचं इचारा ना देवीले!"

"आज तिनं मौन धरलं," बाबा म्हणाले.

आत्या बैठकीवरून हात फिरवत होती. "पोरी, तुही माय सांगे, तू परदेशातून आणली ही बैठक. हिच्यात सत्त्व हाये. आता ही देवीची. कुत्र्या-मांजराचा स्पर्श नाही झाला पाह्यजे." मग ती थांबली. शालूच्या काठावरून तिनं काहीतरी चिमटीत उचललं. एक आखूड, तांबूस केस. तिनं तो उजेडात धरला आणि माझ्याकडे वळली.

"आरोही, खरं सांगजो. काल ते कुत्रं दिवसभर कुठं होतं?"

सगळ्या बायका माझ्याकडे पाहायला लागल्या. हीच वेळ होती. मी छाती भरून श्वास घेतला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, कालच्या पुरणपोळ्यांचा डबा घेऊन. ती माझ्याकडे पाहत नव्हती, डब्याचं झाकण पुसत होती. पुसलेलंच पुन्हा पुसत होती. मागे शेवग्याखाली गॅलिलिओ जांभई देत होता.

शेवटी न्यायाधीशांसमोर गुडघे टेकून गॅलिलिओनंही पृथ्वी फिरत नाही असं कबूल केलं होतं. शाळेच्या पुस्तकात हे एका ओळीत उरकतात. मला ती ओळ नेमकी तेव्हा आठवली.

"मांगच्या अंगणात," मी म्हणाले. "शेवग्याले बांधेल होता."

आत्यानं केस फुंकून टाकला. "मंग राहू दे त्याले इथंच. गुणी हाये."

बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले. "शाब्बास, राजा," ते गोड आवाजात म्हणाले, आणि माझ्या हातावर पुरणपोळीचा तुकडा ठेवला.

पापणी लवायच्या आत.