येणाऱ्याचा वाटा

मी हे लिहायला बसलो हे जरा धाडसच झालं, याची मला कल्पना आहे. आमच्या घरात सहीपलीकडे काही लिहिणारा मी पहिलाच. लोणारजवळच्या खेड्यातून बी.ए. करायला खामगावला आलो त्याला आता तीन वर्षं होतील, पण परीक्षेच्या पेपराखेरीज सलग चार पानं कधी लिहिलेली नाहीत. त्यातून ज्यांच्याविषयी लिहायचं ते वयाने मोठे, आणि मी त्यांच्याच घरातला भाडेकरू. तेव्हा काही चुकलंमाकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. प्रल्हादभाऊंची परवानगी मात्र मी घेतली आहे. नाव तेवढं बदललं आहे. ते म्हणाले, "लिही ना बे. पण कागद पाठपोट वापरजो."

प्रल्हादभाऊ कुणाचंही तान्हं मूल हातात घेतात आणि त्याचं वजन सांगतात. अंदाजे नाही. "चार किलो दोनशे," असं. गल्लीतल्या बाया दवाखान्यात जाऊन आल्या की ताडून पाहतात, आणि फरक पन्नास ग्रॅमच्या वर कधी जात नाही. भाऊ जिनिंगच्या काट्यावर कामाला आहेत. कापसाच्या गाड्यांचं वजन करता करता हात असा तयार झाला, असं ते म्हणतात. पण वजन सांगून झालं, की मूल परत देण्याआधी ते त्याच्या आईला दुसरा प्रश्न हमखास विचारतात.

"महिन्याले किती लागते याले?"

बाया हसतात. कारण भाऊंना स्वतःला मूल नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली. घरात ते आणि संगीतावहिनी, आणि मागच्या खोलीत मी. पण भाऊंच्या बोलण्यात त्या घरात चौथं माणूस आहे, आणि त्याच्या खर्चाची तजवीज गेली कित्येक वर्षं चालू आहे.

घरात काही आलं की भाऊ त्याचे तीन वाटे धरतात. एक त्यांचा, एक वहिनींचा आणि एक येणाऱ्याचा. दूध घेतलं की एका पेल्याची किंमत बाजूला. आंबे आणले की एका आंब्याची. दिवाळीला स्वतःला शर्ट घेतला नाही, आणि न घेतलेल्या शर्टाचे पैसे पोस्टात नेऊन भरले. पूर्वी ते खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण, खायचे. तो सोडला, पण रोज पानठेल्यावर जातात, खर्ऱ्याकडे दोन मिनिटं बघतात आणि त्याचे पैसे या खिशातून त्या खिशात टाकतात. पानठेलेवाला एकदा वैतागून म्हणाला, "भाऊ, तुमी ना घेता ना हटता. काऊन येता मंग?"

"किंमत वाढली का ते पाहाले," भाऊ म्हणाले. "त्याचा वाटा वाढवा लागते ना."

एकदा ते इंग्रजी शाळेत फी विचारायला गेले होते. तिथल्या बाईंनी अर्ज पुढे ओढून मुलाचं नाव विचारलं. भाऊ म्हणाले, नाव ठेवायचं आहे. जन्मतारीख? तीही यायची आहे. बाईंनी पेन खाली ठेवलं. भाऊंनी मात्र फी, बसचं भाडं आणि स्नेहसंमेलनाच्या ड्रेसची वर्गणी सगळं विचारून घेतलं आणि घरी येऊन वहिनींना सांगितलं, "तीन वर्षं अंगणवाडीतच घालू. खिचडी बी भेटते."

"घाला," वहिनी भाकरी थापता थापता म्हणाल्या. "अन् दहावी झाली की मले सांगा. डबा करून देईन."

आपल्याकडे मूल जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही आणत नाहीत. झबलं नाही, टोपडं नाही, पाळणा तर नाहीच. समोरच्या शेवंताकाकूंना भाऊंच्या या कारभाराची भीती वाटायची. "प्रल्हाद, यायच्या आधी काई आणाचं नसते बाप्पा," असं त्या येता-जाता सांगायच्या. त्यावर भाऊंचं उत्तर तयार होतं. "काकू, मी वस्तू आणतच नाही. वस्तूचे पैसे ठेवतो. पैशाले कुठी दृष्ट लागते?" खरंच, त्या घरात लहान मुलाची एकही वस्तू नव्हती. नुसत्या किमती होत्या. पाळण्याची, मच्छरदाणीची, तीनचाकी सायकलची. दर उन्हाळ्यात भाऊ बाजारात जाऊन त्या ताज्या करून यायचे.

सगळ्यात मोठी फजिती एसटीत झाली. वहिनींचं माहेर हिवरा आश्रमाकडचं. एकदा मलाही मेहकरच्या बाजूला जायचं होतं, म्हणून आम्ही तिघे एकाच गाडीत होतो. गाडी खामगाव सोडून थोडी पुढे आली तसा कंडक्टर आमच्यापाशी आला. भाऊ म्हणाले, "दोन फुल, अन् हे बाईमाणसाचं हाफ. अन् लेकराचं किती लागते?"

कंडक्टरने वाकून सीटखाली पाहिलं. "कुठी हाये लेकरू?"

"ते येऊन राह्यलं," भाऊ म्हणाले.

कंडक्टरने ताडकन घंटीची दोरी ओढली. "आबे मंग पयले नाई सांगाव! थांबवा हो गाडी, लेकरू मागं राह्यलं यायचं!"

गाडी थांबली. निम्मी गाडी खिडक्यांतून मागे बघायला लागली. एक आजोबा तर खाली उतरून रस्त्यावर हात हलवायला लागले, "ये बेटा, पळ, पळ!" रस्ता लांबपर्यंत मोकळा होता. भाऊ ओशाळून म्हणाले, "आज नाही हो. पुढं-मागं." कंडक्टरला ते समजायला वेळ लागला आणि समजल्यावर तो जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. वहिनींनी पदर तोंडापर्यंत ओढून घेतला होता. त्या हळूच म्हणाल्या, "चाला हो बाप्पा. कोणी नाही येऊन राह्यलं."

मला त्या वेळी तेही विनोदीच वाटलं. कॉलेजसमोरच्या चहाच्या टपरीवर मी हा किस्सा नकला करून सांगितला. "आमच्या भाऊंचं पोरगं पासबुक हातात घेऊनच जन्मणार," असंही म्हणालो. पोरं खूप हसली. शहरात आल्यापासून माझ्या बोलण्यावर एवढी माणसं पहिल्यांदाच हसली होती, म्हणून मी तो किस्सा पुन्हा पुन्हा सांगितला. हे कबूल केल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी भाऊ माझ्या खोलीत आले. हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत कागद. "बी.ए.वाले, एवढं वाचून सांग. काही भरा लागते म्हणतात. अन् वाच, पण बोलू नको कुठी."

ते कागद मूल दत्तक घेण्याचे होते. नाव नोंदवून तीन वर्षं उलटली होती. संस्थेच्या बाई पूर्वी घर पाहून गेल्या होत्या, तो अहवाल जुना झाला म्हणून आता पुन्हा येणार होत्या. उत्पन्नाचा दाखला, पोस्टाच्या पुस्तकाची नक्कल, दोघांच्या तब्येतीचे कागद. मी एकेक पान उलटत होतो आणि भाऊ दारात उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"पयल्या खेपेले त्या बाईनं पगार विचारला," ते म्हणाले. "मी सांगितला. तर त्या जराशा थांबल्या, अन् मंग लिहिला. त्या थांबल्या ना, ते लागलं मले. म्हणलं, पुढच्या खेपेले थांबल्या नाही पाह्यजेत."

पोस्टाच्या पुस्तकात तेव्हा जी रक्कम होती ती मी इथे लिहीत नाही. ती पाहून मीच थांबलो होतो.

"पण भाऊ," मी म्हटलं, "हे लोकांना सांगत का नाही? सगळे तुम्हाला कंजूस म्हणतात. पैसे जमल्याशिवाय मूल नको म्हणणारा माणूस, असं म्हणतात. मीसुद्धा…"

भाऊंनी एकदा स्वयंपाकघराच्या दिशेने पाहिलं. मग आवाज खाली करून सांगितलं. लग्नाला चार-पाच वर्षं झाली असताना गल्लीत एक बारसं होतं. मूल या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होतं. वहिनींच्या शेजारी आलं, वहिनींनी हात पुढे केले, आणि एका बाईने ते वरच्यावर उचलून पलीकडे दिलं. "इच्यापाशी नको," म्हणाली.

"मी दारात होतो. मले काही सुचलं नाही. मी म्हणलं, तिचं काही नाही हो, मीच नाही म्हणतो. पैसे जमून नाही राह्यले अजून. सगळ्या हासल्या. असा कसा चिंगूस नवरा म्हणे. दुसऱ्या एकीनं तेच लेकरू इच्या मांडीवर आणून देलं. घे बाई, तुह्या नशिबी असा भेटला." भाऊंनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. "मले चिंगूस म्हणतात तवर तिले कोणी काही म्हणत नाही. सवस्तात पडलं."

मी सगळे अर्ज भरून दिले. त्यानंतर मी टपरीवर तो किस्सा सांगितला नाही. संस्थेच्या बाई येऊन गेल्या. थांबल्या का, हे विचारायचं मला धैर्य झालं नाही, पण त्या दिवशी भाऊंनी चहात दोनदा साखर घातली. मग वाट पाहणं सुरू झालं. ते दोघे त्यात मुरलेले होते. मलाच जड जायचं.

गेल्या मंगळवारी मी पोळ्यांचा डबा घेऊन जिनिंगवर गेलो. वहिनींना बरं नसलं की डबा मी पोचवतो. काट्यावर कापसाने भरलेला ट्रॅक्टर उभा होता, मागे आणखी चार. भाऊंनी मला पाहिलं आणि खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला.

"हे लोनवाले लय मागं लागले बाप्पा. कालपासून दोनदा मेसेज आला. इंग्रजीत. मी नाही उघडून राह्यलो. तूच उडव तो."

मी उघडला. वाचला. मग पहिल्यापासून पुन्हा वाचला, कारण माझं इंग्रजी तसं कच्चं आहे आणि ही चूक करायची जागा नव्हती. मागचा ट्रॅक्टरवाला ओरडत होता, "ओ काटेवाले, आकडा सांगा ना!" भाऊ आकड्याकडे बघत होते.

"उडवला का?" त्यांनी विचारलं.

"भाऊ, हे लोनवाले नाहीत," मी म्हणालो. "मुलगी आहे. अकरा महिन्यांची. उद्या दुपारपर्यंत हो म्हणायचं आहे."