तटस्थ टाळ्या

"टाळी वाजवली तर तुमची नोकरी जाईल आणि नाही वाजवली तर माझी," कर्नलसाहेब म्हणाले. "तेव्हा सुभेदार, मधलं काहीतरी काढा."

छावणीच्या नव्या स्वयंपाकघराची फीत कापायला मंत्रीसाहेब येणार होते. स्वयंपाकघर तसं केव्हाच सुरू झालं होतं, तिथलं खाऊन जवानांच्या पट्ट्यांची भोकंही बदलली होती. पण निवडणूक तोंडावर आल्याशिवाय भिंतींना उद्घाटन मानवत नाही म्हणतात.

नियम साधा होता. अंगात गणवेश असेल तर कुठल्याही पक्षाला पाठिंबा दाखवायचा नाही. बिल्ला नाही, घोषणा नाही, टाळी नाही. पण मंत्री पडले सरकारचे. त्यांच्या सरकारी वाक्याला टाळी न वाजवणं म्हणजे अपमान आणि पक्षाच्या वाक्याला वाजवणं म्हणजे गुन्हा. त्यातून त्यांचं वाक्य सरकारात सुरू होऊन पक्षात कधी घुसेल, हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नसायचं.

सुभेदाराला हा नियम तोंडपाठ होता. दरवर्षी जवानांपुढे त्याच्यावर व्याख्यान तोच द्यायचा, म्हणून पोरं त्याला पाठीमागे 'कलमबुवा' म्हणायची. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने "यंदा कोण येणार?" असं विचारलं, तर गणवेशातला सुभेदार "पाऊस" एवढंच सांगून साबण उचलायचा.

"बदलीचा कागद इथेच आहे," कर्नलसाहेबांनी टेबलावर बोट ठेवलं. "कार्यक्रम नीट झाला की सही."

सुभेदाराने मान वाकवून कागदावरचं गावाकडच्या छावणीचं नाव वाचलं. गावाकडे आईचे गुडघे गेलेले, मुलगी दहावीला, आणि बायको सगळं एकटी ओढत होती. कालच ती फोनवर म्हणाली होती, "अहो, शेजारणी विचारतात, नवरा काय करतो? मी सांगते, फोनमध्ये असतो." तो हसला होता, पण नंतर जेवण गेलं नव्हतं. ही बदली त्याला हवीच होती.

"रुमाल," तो म्हणाला.

"काय?"

"मी व्यासपीठावर मंत्रीसाहेबांच्या मागे उभा राहतो. वाक्य सरकारी असलं की रुमालाने कपाळ पुसतो. पुसलं की टाळी. रुमाल खिशात असेल तर सगळे दगड."

सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही म्हणून कर्नलसाहेब खूश झाले. लगेच तालीम लागली. मंत्री म्हणून हवालदार स्वयंपाक्याला उभं केलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी आपलं ऐकून घेतंय म्हटल्यावर तो सुटलाच.

"पूल आम्ही बांधला!" स्वयंपाकी गरजला. रुमाल हलला नाही.

"पूल सरकारने बांधला!" सुभेदाराने कपाळ पुसलं. कडाड टाळी.

"साहेब," एका जवानाने हात वर केला, "ते विनोद करतील तेव्हा हसायचं का?"

"विनोद विरोधकांवर असेल तर नाही."

"आणि स्वतःवर केला तर?"

"मंत्री स्वतःवर विनोद करत नाहीत. खाली बस."

तालीम इतकी झकास झाली की एका गोष्टीचा कुणी विचारच केला नाही. तालीम झाली सकाळी सावलीत, आणि भाषण होतं भर दुपारी उन्हात.

मंत्रीसाहेब आले, फीत कापली, माईक धरला. सुभेदार मागे ताठ उभा. सूर्य नेमका त्याच्या कपाळावर. "सरकारने जवानांसाठी..." इथपर्यंत ठीक होतं, त्याने रुमाल काढला, टाळ्या पडल्या, कर्नलसाहेबांनी श्वास सोडला.

"...आणि म्हणून मित्रांनो, विरोधकांना आता घरी बसवा!"

नेमका तेव्हाच घामाचा ओघळ सुभेदाराच्या डोळ्यात उतरला. डोळा असा चुरचुरला की हात आपोआप वर गेला. मैदानभर टाळ्यांचा कडकडाट झाला. कॅमेरे वळले. कर्नलसाहेबांचा चेहरा चुना दिलेल्या भिंतीसारखा पांढरा पडला.

सुभेदाराने घाबरून रुमाल खिशात कोंबला आणि शपथ घेतली, आता डोळे फुटले तरी बेहत्तर! पुढचं वाक्य आलं, "आमच्या शूर जवानांना माझा सलाम!" मैदानात चिटपाखरूही हललं नाही. शूर जवान दगडासारखे बसून होते. सलाम हवेतल्या हवेत विरला.

मंत्री मुरलेले होते. सगळ्यांची नजर आपल्या खांद्यावरून मागे जातेय, हे त्यांनी हेरलं. ते वळले. मागे घामाने निथळणारा सुभेदार.

"अरेरे, केवढा घाम हा! पुसा, सुभेदार, पुसा!"

मंत्र्यांची आज्ञा ती. त्याने पुसलं. टाळ्या! मंत्र्यांच्या डोळ्यात दिवा लागला. मग त्यांनी आवाज चढवला, "या खेपेलाही आम्हालाच निवडून द्या! पुसा, सुभेदार!" टाळ्या! "आमच्याशिवाय देशाला आहेच कोण? पुसा!" टाळ्या! सुभेदार पुसत होता आणि मनातल्या मनात धरणीला सांगत होता, बाई, पोटात घे.

दुसऱ्या दिवशी दोन तक्रारी आल्या. विरोधक म्हणत होते, लष्कराने प्रचाराला टाळ्या वाजवल्या. मंत्र्यांच्या पक्षाचे लोक म्हणत होते, लष्कराने सलामाला टाळी नाकारली, म्हणजे हे विरोधकांना फितूर. सुभेदार बदलीवर पाणी सोडूनच आत गेला. कर्नलसाहेब मात्र शीळ घालत होते.

"दोघांनीही तक्रार केलीय, म्हणजे आपण तटस्थ! वर तसंच कळवलं, मान्य झालं. आणि तुमची बदलीही झाली. मंत्रीसाहेबांनीच मागून घेतलंय तुम्हाला. त्यांचा मतदारसंघ तुमच्याच गावाकडे आहे ना? म्हणाले, इतकी शिस्तीची टाळी उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती."

"म्हणजे मी सभेत... पण साहेब, नियम?"

"नियम गणवेशाला आहे. तुम्हीच तर शिकवता. साधा शर्ट घाला."

सुभेदाराला वाटलं, नाही म्हणावं. पण आईचे गुडघे आठवले, मुलीची दहावी आठवली, आणि त्याने बदलीचा कागद उचलला. त्या दिवशी त्याला स्वतःची जेवढी लाज वाटली, तेवढी भर मैदानातही वाटली नव्हती.

गावाकडे पहिल्याच रविवारी सभा होती. बायकोने चौकड्यांचा शर्ट कडक इस्त्री करून दिला आणि स्वतः तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. सुभेदार मंत्र्यांच्या मागे उभा राहिला. रुमालाची खूण कार्यकर्त्यांनी लोकांना आधीच शिकवून ठेवली होती. हवा गार होती, घामाचा थेंबही नव्हता, तरी तो पुसत राहिला आणि मैदान दणाणत राहिलं. तिसऱ्या रांगेतली एक बाई तेवढी हात मांडीवर ठेवून बसली होती.

घरी येताना त्याने विचारलंच, "सगळ्यांनी वाजवली. तू एकदाही नाही?"

"सगळे तुमच्या रुमालाकडे बघत होते," ती म्हणाली. "मी भाषण ऐकत होते."