फोरमनकाकांचे कॅलिब्रेशन

आमच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारी तीन मशीन आहेत आणि तिन्हींना वेगवेगळी भाषा समजते, ही बाब व्यवस्थापनाच्या निदर्शनास येण्यास अकरा वर्षे लागली. मशीनला हुकूम द्यायचा तर कोड टाकावा लागतो. कामगारांनी या मशीनना थोरली, मधली आणि धाकटी अशी नावे ठेवली आहेत आणि त्या तिघी जावांसारख्याच वागतात. 'एम दहा' म्हटले की थोरली जॉब, म्हणजे घडवायचा लोखंडी तुकडा, घट्ट आवळते. तेच ऐकून मधली जॉब सोडून देते. धाकटी दार उघडते. कोणाला काय म्हणायचे हे फोरमनकाकांना तोंडपाठ होते, त्यामुळे कोणाचेच काही अडत नव्हते.

अडले ते काकांनी आठ दिवसांची रजा मागितली तेव्हा. त्यांच्या मुलीचे दिवस भरत आले होते. ती परगावी, जावई बोटीवर, आणि तिची आई चार वर्षांपूर्वी गेलेली. अर्ज वाचून साहेबांचा चेहरा पडला.

"काका, तुम्ही गेलात तर मशीनशी बोलणार कोण?"

"साहेब, मी सगळं लिहून ठेवलंय," म्हणत काकांनी एक पुठ्ठा पुढे केला. त्यावर तीन रकाने आखले होते आणि अक्षर सुरेख होते. साहेबांनी तो उलटून पाहिला. मागे साबणाची जाहिरात होती.

"याला दस्तऐवज क्रमांक नाही," साहेब म्हणाले. "असं घरगुती काम नको. आधी कोड प्रमाणित करू, मग तुम्ही खुशाल जा."

अशा रीतीने 'मशीन-कोड प्रमाणीकरण समिती' जन्मास आली. मी तिचा सचिव. मशीनला कधी हात लावलेला माणूस समितीत नसावा, म्हणजे निर्णय निःपक्षपाती होतील, असे पहिल्याच बैठकीत ठरले. काकांना विशेष निमंत्रित म्हणून दाराजवळ खुर्ची दिली. बोलण्याची तरतूद नव्हती.

एकट्या एम दहावर चार बैठका झाल्या. थोरली खरेदीप्रमुखांनी स्वतः पसंत केलेली, त्यामुळे एम दहा म्हणजे आवळणेच, यावर ते अडून बसले. उत्पादनप्रमुखांचा मधलीवर जीव. धाकटी साहेबांच्या कारकिर्दीत आलेली, तेव्हा दार उघडण्याच्या बाजूने बोलणारे पुष्कळ निघाले. शेवटी कोणाचे मन दुखावू नये म्हणून सर्वानुमते ठराव झाला: 'एम दहा म्हणजे आवळणे, सोडणे अथवा दार उघडणे, यथास्थिती.' टाळ्या वाजल्या. काकांनी कपाळाला हात लावला. तो इतिवृत्तात घेतलेला नाही.

चाचणी धाकटीवर झाली. जॉब आवळावा म्हणून दिलेल्या हुकुमावर तिने इमानाने दार उघडले आणि कापताना लोखंड थंड ठेवणारे आतले दुधाळ कूलंट साहेबांच्या शर्टावर, टायवर आणि 'चाचणी यशस्वी' असा आधीच टाइप करून आणलेल्या अहवालावर फवारले. अहवाल वाळवून वर पाठवण्यात आला.

त्यानंतर समितीने लिहिलेल्या मानकात एक कलम वाढले: 'शंका आल्यास फोरमनकाकांना विचारावे.' शंका सगळीकडेच येत असल्याने दोनशे दहा पानांत हे वाक्य तीनशे चार वेळा आले. तेव्हा इतके दिवस नुसता चष्मा पुसत बसलेले गुणवत्ताप्रमुख उठले.

"ज्याच्याशी बाकी सगळं ताडून बघायचं, त्यालाच मानक म्हणतात," ते म्हणाले. "म्हणजे ही पानं मानक नाहीत. काका मानक आहेत."

हे कोणालाच खोडता येईना. मानक वस्तू कशी ठेवायची याचे नियम तयारच होते: वीस अंश तापमानाची बंद खोली, धुळीपासून संरक्षण, आवाराबाहेर नेण्यास मनाई. काकांना मोजमापाच्या खोलीत काचेच्या कपाटाशेजारी बसवले. स्वेटरवर क्रमांकाचे स्टिकर लागले. रजेचा अर्जही निकाली निघाला, कारण वस्तूंना रजा नसते.

मुलीचा फोन आला तेव्हा मी तिथेच स्टिकर तपासत होतो. "बाबा, कधी येताय? डॉक्टर म्हणतात, दोन-तीन दिवसांत कधीही."

"येतो गं बाळा," काका म्हणाले आणि भिंतीकडे बघत राहिले. मला फार वाईट वाटले. तसा ठराव झालेला नसल्याने मी ते बोलून दाखवले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावले. पुढ्यात गुणवत्तेची नियमावली उघडी होती. त्या खोलीत वाचायला दुसरे काही नव्हते.

"सचिवसाहेब, मानक वस्तूचं वर्षातून एकदा कॅलिब्रेशन लागतं ना? ती बरोबर आहे की बिघडलीय, ते बाहेरून तपासून आणायचं?"

"लागतं."

"माझं अकरा वर्षांत एकदाही झालेलं नाही."

साहेबांच्या तोंडचे पाणी पळाले. अकरा वर्षांचा माल एका न तपासलेल्या मानकावर! "ऑडिटवाल्यांना कळलं तर? आजच्या आज पाठवा! पण तपासणार कोण?"

"बोलायला लागल्यापासून मला तपासत आलेली एक आहे," असे म्हणून काकांनी मुलीचा पत्ता दिला.

साहेबांनी कंपनीची गाडी दिली आणि नाजूक वस्तू आहे, सांभाळून न्या, असे ड्रायव्हरला बजावले. काका पोचले त्याच संध्याकाळी नात झाली. मानक तपासणीला गेल्यामुळे इकडे आठ दिवस तिन्ही मशीन नियमानुसार बंद होती. रजा दिली असती तरी तेवढीच बंद राहिली असती, असे कोणी सुचवले नाही.

नवव्या दिवशी काकांबरोबर प्रमाणपत्र आले: 'वस्तू चांगल्या स्थितीत मिळाली. बाळाला आंघोळ घालताना हात थरथरतात; सरावाने सुधारणा दिसते. गाताना सूर सुटतो, पण बाळ झोपते. दर तीन महिन्यांनी पाठवावी.' साहेबांनी समाधानाने सही केली.

हा वृत्तांत मी घरी पोट धरून हसत सांगितला. बायको काही हसली नाही.

"आपल्या वॉशिंग मशीनवर चादरींसाठी कुठलं बटण दाबायचं?" तिने विचारले.

"तू आहेस की."

"तेच म्हणते. माझं कॅलिब्रेशन कधी?"

विषय गंभीर असल्याने मी तो समितीकडे सोपवला आहे. वाचकहो, तुम्ही मघापासून आमच्या साहेबांना हसत आहात, तर तुमच्या घरची पाण्याची मोटर कोणत्या बटणाने बंद होते, तेवढे लेखी कळवावे. उत्तर आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडून विचारण्यास मनाई आहे.