नानांची कोरडी वाळू

आमच्या घोलवडला लोक अंगणात चिकूच्या फोडी वाळत घालतात, नाना वाळू घालतात. ताडपत्रीवर पसरतात, हातानं उलथत बसतात, ढग दिसला की धावत गोळा करतात. आगर गावाहून मासळी घेऊन येणारी रखमा दर वेळी विचारते, "नाना, सुकटीचा काय भाव?" नाना गंभीरपणे सांगतात, "दर्याची नाय, नदीची हाय. दर्याच्या वाळूला ओल सुटते."

नाना माझे चुलत दीर. शेजारच्या वाडीत एकटेच राहतात. तरुणपणी जंगलातून डहाणू रोडला सागाचे ओंडके आणणाऱ्या छोट्या रेल्वेवर होते. रूळ इतके अरुंद की गाडी जत्रेतली वाटायची. पावसात उतारावर चाकं घसरत. म्हणून नाना इंजिनाच्या पुढच्या पट्टीवर बसून रुळांवर मूठमूठ कोरडी वाळू सोडत आणि ड्रायव्हरला ओरडून सांगत, "येऊ द्या, सावकाश."

ती गाडी बंद व्हायच्या शेवटच्या आठवड्यात मी तिच्यात बसायचा हट्ट धरला. नवी नवरी होते, स्वतःला सिनेमातली नायिका समजत होते. गुलाबी नायलॉनची साडी, डोळ्यांत काजळ, गार्डाच्या डब्यात उभं राहून वाऱ्यावर पदर सोडायचा बेत. उतार लागला, सर आली, गाडी घसरली आणि नायिकेनं शेजारी उभा असलेला स्वतःचा नवरा सोडून गार्डाचा सदरा गच्च धरला. नानांच्या वाळूनं गाडी सावरली. माझं काजळ मात्र हनुवटीपर्यंत आलं होतं. गावात मी सांगितलं, वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं.

शेवटच्या दिवशी इंजिनाला हार घातला, ड्रायव्हर रडला. नानांनी साहेबांना एवढंच विचारलं, उरलेल्या वाळूचं काय करायचं? साहेब म्हणाले, घरी ने. नानांना तो हुकूम वाटला. जाऊबाई होत्या तोवर त्यांच्या धाकानं वाळू एका कोपऱ्यात असायची. त्या गेल्यावर ताडपत्री मोठी झाली.

मी चिडवायची, "नाना, एवढ्या वर्षांत लागली का हो कुणाला?"

"लागंल तेव्हा ओली नको, वहिनी."

यंदा माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मुलानं कौतुकानं ओटीपासून अंगणापर्यंत गुळगुळीत लाद्यांचा उतार करून दिला. पावसात त्यावरून मांजरसुद्धा जाईना. मी वॉकर धरून वर उभी राहायची आणि आत परत जायची. आता उंबऱ्याबाहेरचं जग संपलं, असंच धरून चालले होते.

एका सकाळी नाना पिशवी घेऊन आले. उतारावर माझ्यापुढे उलटे चालत मूठमूठ वाळू सोडू लागले.

"येऊ द्या, वहिनी. सावकाश."

तेव्हापासून रोज आमची गाडी फाटकापर्यंत जाऊन येते. मग चहा होतो, जाऊबाईंच्या आठवणी निघतात.

परवा डॉक्टर म्हणाले, आजी, वॉकर आता माळ्यावर टाका. मुलगा लगेच टाकायला निघाला, त्याला मी दटावलं. सकाळी नानांची पिशवी दिसताच वॉकर घट्ट धरला आणि जरा जास्तच लंगडले. नायिका व्हायची हौस अजून फिटलेली नाही.