ठकूबाई भेकरीची अँग्झायटी

एका जंगलात, बाळांनो, इंग्रजी अजून पोचलं नव्हतं. फार जुनी गोष्ट आहे. गेल्या हिवाळ्याच्या आधीची.

त्या जंगलात ठकूबाई नावाची एक भेकरी राहायची. भेकर म्हणजे छोटंसं हरीण. दिसायला गरीब, पण भुंकतं कुत्र्यासारखं. बिबट्याचा नुसता वास आला तरी ठकूबाई भुंकायची. ती भुंकली की सांबरं, ससे, डुकरं, सगळे पाणी अर्धवट टाकून पळत सुटायचे. का, कशाला, असं कोणी विचारायचं नाही. अडाणी होते बिचारे. त्यामुळे जिवंत होते.

मग तिथे राघूनाना पोपट आले. नानांचं सगळं शिक्षण एका कॉन्व्हेंट शाळेच्या व्हरांड्यात, पिंजऱ्यात बसून झालेलं. पाणवठ्यावरच्या जांभळीवर त्यांनी बैठक मारली.

त्याच संध्याकाळी ठकूबाई भुंकली. सगळे पळाले. बिबट्या काही आला नाही. आपला सुगावा लागला हे कळलं की बिबट्या मुकाट परत फिरतो. पण हे नानांच्या शाळेत शिकवत नसत.

"काय झालं एवढं ओरडायला?" नानांनी विचारलं.

"पोटात कसंतरी झालं, नाना."

"कसंतरी हा काय शब्द झाला? बिबट्या दिसला का?"

"छे हो. दिसेपर्यंत थांबले असते तर तुमच्याशी बोलले असते का?"

"मग ती फिअर नव्हे. दिसलं तर फिअर. नुसतंच वाटलं तर अँग्झायटी. पुढे काय होणार ते ठाऊक नसलं तर अनसर्टन्टी. थोडं थोडं ठाऊक असलं तर अ‍ॅप्रिहेन्शन. इंग्रजीत प्रत्येकीला स्वतंत्र खोली आहे, ठकूबाई. आणि तुम्ही सगळ्यांना एका गोठ्यात कोंबता!"

ठकूबाई ओशाळली. आपल्या पोटात इतकं सगळं आहे हे तिला माहीतच नव्हतं.

थंडीला पाहुणा आलेला धोबी पक्षी शेपटी हलवत मध्ये पडला. स्वारी चीन-जपान बघून आलेली. "चिनी लोक काळजी लिहिताना खाली विस्तव काढतात आणि वर पक्षी," तो म्हणाला. "म्हणजे करपलेला जीव. धाकधूक लिहायची तर एकदा काळजाच्या डोक्यावर 'वर' लिहितात, एकदा 'खाली'. जपानी मात्र टापटिपीचे. आधी 'नाही' लिहायचं, पुढे 'शांती'. झालं काम!"

"विस्तवावर पक्षी?" नाना दचकले. पण आपली ती फिअर की अँग्झायटी, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

मग जनावरांची सभा भरली आणि ठराव झाला. आधी शब्द, मग भुंकणं. सारखं सारखं पळायचा सगळ्यांनाच कंटाळा आला होता. बिबट्यानेही कोल्ह्याबरोबर पाठिंबा धाडला. ठकूबाई भुंकल्या की आमची जेवणावरची वासनाच उडते, असा त्याचा निरोप होता.

पुढे एकदा ठकूबाई आपल्या पाडसाला घेऊन पाण्यावर आली. त्याची ही पहिलीच खेप. ते पाण्यात नाक घालून फुरफुर करत होतं. इतक्यात वारा फिरला आणि ठकूबाईच्या नाकात वास शिरला. भुंकणं अगदी घशाशी आलं. तिने ते गिळलं. चार शिकल्यासवरल्या माणसांत असं बिनशब्दाचं ओरडायची तिला लाज वाटली.

"नाना," ती हळूच म्हणाली, "पुन्हा होतंय हो. बघा ना, कोणतं आहे ते."

"लक्षणं सांगा."

"काळीज खालीवर होतंय."

"चिनी!" धोबी आनंदाने ओरडला.

"थांब रे. ठकूबाई, खात्री आहे का तुमची?"

"वासाची आहे."

"खात्री आहे, म्हणजे अनसर्टन्टी बाद. दिसत नाही, म्हणजे फिअर बाद."

"नाना, गवत हललं!"

"गवत हललं, म्हणजे थोडं ठाऊक झालं. अ‍ॅप्रिहेन्शनकडे झुकतंय. की ड्रेड म्हणावं? अरे, ड्रेड तर आपण विसरलोच होतो!"

"आई," पाडस म्हणालं, "पाण्यात ठिपके दिसतायत."

ठकूबाईने झेप घेतली. ती पोचली तेव्हा पाणी नुसतं हलत होतं.

मग ती भुंकली. घसा फुटेस्तोवर भुंकली. पण कोणी जागचं हललं नाही. सांबरं, ससे, डुकरं, सगळे माना वर करून नानांकडे बघत होते.

नानांनी घसा खाकरला.

"ही ग्रीफ," ते म्हणाले. "हिच्यात मात्र तिळमात्र शंका नाही. अभिनंदन, ठकूबाई! तुमची अँग्झायटी गेली."

तात्पर्य: बाळांनो, घाबरण्याआधी आपण नेमके कशाने घाबरतो आहोत, हे जाणत्यांना विचारून घ्यावे. शब्द सापडेपर्यंत धोका बहुधा आपले काम उरकून गेलेला असतो. जाणत्यांची मात्र काळजी करू नये. ते झाडावर असतात.